ऋतू घशाशी आला

एखादी गोष्ट पटली की ती एकट्यानं पचवायची ताकद माझ्यात नाही. चार जणांना भरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. गेल्या उन्हाळ्यात ‘जिथं राहता तिथलं खा, जेव्हा पिकतं तेव्हा खा’ हे मला पटलं आणि ठाण्यातल्या आमच्या सोसायटीवर संक्रांत आली. कुणाच्या पिशवीत न्यूझीलंडची किवी दिसली की लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत माझं व्याख्यान. महिनोन्‌महिने शीतगृहात काढून आलेल्या सफरचंदाला मी ‘शिळं’ म्हणायचो. घरी तर मे महिन्यात फ्लॉवर बंद, मटार बंद.

“पूर्वजांनी हे सगळं सणावारांत बांधून ठेवलंय,” मी बायकोला सांगत असे. “भोगीला वाल, घेवडा, गाजर, ओला हरभरा आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरीच का? कारण शिवारात तेव्हा तेच असतं! आषाढात कांदेनवमीला कांदा-वांगं खाऊन घ्यायचं आणि चातुर्मासात हात लावायचा नाही...”

“ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं न खाता मी राहते,” ती म्हणाली. “तुम्ही त्या दिवशी बटाटेवडे आणता. आणि इथलं म्हणजे नक्की कुठलं? तुम्ही सोलापूरचे.”

ती अलिबागची. हा मुद्दा मी तेव्हा गांभीर्यानं घ्यायला हवा होता.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि स्टेशनबाहेर मुरबाड-शहापूरकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसल्या. एकीपुढे जांभळट-तपकिरी, टोकदार कोंबांच्या जुड्या होत्या. शेवळं. पावसाच्या पहिल्या सरींनंतर जमिनीतल्या कंदातून पानांच्याही आधी वर येतात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात. यापेक्षा हंगामी काय असणार? मी दोन जुड्या उचलल्या. तिनं शेजारची हिरवी, आवळ्यासारखी फळं पुढे केली.

“काकडं घे दादा, त्याच्यासंग लागतात.”

मोबाइल घेताना वॉरंटी गळ्यात मारतात तसला हा प्रकार असणार, हे मी लगेच ओळखलं.

“नको.”

“खाज येल.”

असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही.

रविवारी बायको माहेरी होती. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना जेवायला बोलावलं, कारण इमारतीत सगळ्यात जास्त अ‍ॅव्होकॅडो त्यांच्याकडे येतात. शेवळं सोलली तर आत एक पिवळा, दाणेदार भाग निघाला. टाकून द्यायच्या भागातच खरं पोषण असतं, असं मी कुठंतरी वाचलेलं. तोही चिरला. कांदा, लसूण, ओलं खोबरं, आणि वरून सोलापूरची शेंगाचटणी, स्थानिक म्हणून.

वाढताना बोलतच होतो. नांगरट नाही, खत नाही, फवारणी नाही. पहाटे रानातून खुडायची, दुपारी ठाण्यात विकायची. मधे दलाल नाही, पैसे थेट त्या बाईच्या हातात. (हे सगळं आजही मला तितकंच खरं वाटतं.) सेक्रेटरींनी तीन घास खाल्ले आणि घसा खाकरला. मला वाटलं, आता कौतुक सुरू होणार. त्यांनी पुन्हा खाकरलं. मग मीही.

शेवळं सुरणाच्या जातकुळीतली. अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जीभ आणि घसा टोचत सुटतात. नुसत्या शिजवण्यानं ते जात नाहीत. तेलावर चांगलं परतायचं, आणि आंबट हवंच. म्हणून काकडांचा रस. ही सगळी माहिती मला बायकोनं फोनवर दिली. मला मधे तोंड घालणं शक्य नसल्यानं ती प्रथमच सलग बोलू शकली.

“अहो, काकडं घातली होती ना?”

“ख्ख...”

“आतला पिवळा भाग काढला होता ना?”

मी नुसताच श्वास घेतला.

“म्हणजे नाही. आधी त्यांना चिंचेचं पाणी द्या. मग तुम्ही घ्या.”

त्या संध्याकाळी सोसायटीची बैठक होती. सेक्रेटरींचा आवाज फुटेना, त्यामुळे पार्किंगचा विषय भांडणाविना मंजूर झाला. त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

अलिबागहून परतल्यावर बायकोनं शेवळं केली. कोलंबी आणि काकडांचा रस घालून, दाटसर. मी ताट चाटूनपुसून घेतलं. त्या बाईच्या टोपलीत भाजी आणि भाजीची अक्कल, दोन्ही विकायला होतं. मी काटकसर करून फक्त भाजी आणली होती.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तिच्यापुढे उभा राहिलो. या वेळी आधी काकडं मागितली, मग शेवळं. तिनं मला निरखलं. माझा आवाज अजून थोडा बसलेलाच होता.

“शिजवनार कोन?”

“मीच.”

तिनं शेवळांच्या जुड्या फडक्याखाली सरकवल्या आणि कुरडूची जुडी माझ्या हातात दिली.

“तू ही ने. हिला काय करावं लागत नाय.”