१९२.१६८.१.१ च्या निस्सीम भक्तास खुले पत्र

वायफायवाले दादा,

आपण आलात, भिंतीला भोक पाडलंत, फायबरचा डबा टांगलात, मोबाइलवर एक रील चालवून दाखवलंत आणि "झालं काम" म्हणत गाडीला किक मारलीत. एवढ्या तत्परतेचे आभार मानायचे राहूनच गेले.

अडचण एवढीच, की आमची धाकटी सून वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा हिशेब इथूनच, व्हीपीएन लावून बघते. तिकडचा सर्व्हर १९२.१६८.१.५० वर. आपण आमच्या घराला दिलेली रेंजही १९२.१६८.१ चीच. मग तिचा लॅपटॉप त्या पन्नासला शोधायला वाळूजला कशाला जाईल? हा तर घरातलाच, असं समजून तो घरभर हाका मारत बसतो. व्हीपीएन जोडलेलं दिसतं, फाइल काही उघडत नाही. आपल्याला फोन केला, तर उत्तर आलं, "नेट चालू आहे ना? मग प्रॉब्लेम लॅपटॉपमध्ये." नाडी न बघता निदान करणारे वैद्य आता फार उरले नाहीत.

माडीवर वायफाय पोचेना म्हणून दुसरा राउटर आणला, तो आपणच जोडलात. त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१! आत तेच नेटवर्क, बाहेरही तेच. कुठलं पाकीट कुठल्या दारानं काढायचं, हे त्याला कसं कळावं? काही राउटर हा घोळ ओळखून आपली रेंज आपणच बदलतात. म्हणजे यंत्राला जमतं.

आपल्या गावाचंच बघा. देवगाव निफाड तालुक्यातही आहे, म्हणून आपण आपल्या देवगावापुढे रंगारी लावतो. पोस्टमनची वणवण वाचवायची ही युक्ती गावाला केव्हाच सुचली आहे.

फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने खासगी वापराचे पत्ते सगळ्या जगाला मोकळे करून दिले. १० ने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांवर, १७२.१६ ते १७२.३१ मधले १० लाखांवर, शिवाय १९२.१६८ चे ६५,५३६. फुकट! अर्ज नको, तलाठ्याची सही नको. एकट्या १९२.१६८ मध्ये घरगुती मापाची २५६ नेटवर्क बसतात. त्यातलं आपल्या मनात भरलं ते एकच.

काम दहा मिनिटांचं. लॅन सेटिंगमध्ये तिसरा आकडा ४७ करायचा, डीएचसीपीची रेंजही ४७ मध्ये आणायची, सेव्ह, रीबूट. माडीवरच्याला ४८. मग सेटिंगचं पान जुन्या पत्त्यावर उघडत नाही, १९२.१६८.४७.१ वर उघडतं; मोबाइल-लॅपटॉपचं वायफाय एकदा बंद-चालू केलं की त्यांना नवे पत्ते मिळतात. आम्हीच केलं असतं, पण अ‍ॅडमिनचा पासवर्ड आपण बदलून खिशात घातलात. कारण काय, तर "लोक उगाच छेडछाड करतात."

तर येताना पासवर्ड आणा. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरला आपण पत्ता हातानं घातलाय. तो आणि त्याचा गेटवेही ४७ मध्ये आणल्याशिवाय निघू नका.

आपला,
वेळेवर रिचार्ज करणारा एक ग्राहक,
देवगाव रंगारी, ता. कन्नड

ता. क. : नवीन काही करायच्या उत्साहात १९२.१६९ टाकू नका. त्या पत्त्यांना इंटरनेटवर खरेखुरे मालक आहेत, आणि त्यांच्या जागेत आमचा डीव्हीआर बसवायला त्यांची परवानगी आपण घेतली असेल असं वाटत नाही.