एक डोळा मिटून

"काका, दोरी!"

अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर मला उद्देशून सर्वांत जास्त वेळा म्हटलं जाणारं वाक्य हेच. त्याखालोखाल "ओ फोटोवाले, मागं घ्या." आणि अधूनमधून, मागून, आमच्या सौभाग्यवतींचं "अहो, पाय!"

ढोल-ताशा पथकाच्या चारी बाजूंनी दोरी धरलेली मुलंमुली चालत असतात. सकाळपासून ओरडून घसा बसलेला, तळहात लाल झालेले. दोरीच्या आत वाजवणारे, दोरीबाहेर बघणारे, इतकी सरळ व्यवस्था. घोळ होतो तो माझ्यासारख्यामुळे. कॅमेरा डोळ्याला लागला की मला दोरी दिसेनाशी होते, फक्त ताशावाल्याच्या हनुवटीवरचा घामाचा थेंब दिसतो. तो आता पडेल, मग पडेल असं म्हणत मी पुढे सरकतो. दोरी पोटाला लागते तेव्हा भानावर येतो, आणि तोवर ध्वज नाचवणाऱ्या मुलीच्या काठीचं टोक माझ्या चष्म्यापासून वीतभरावरून निघून गेलेलं असतं.

एके वर्षी कसबा गणपतीची पालखी चौकटीत मावेना म्हणून मी मागे सरकत गेलो. एक पाऊल, दोन पावलं, पाच. पालखी मावली. पण आजूबाजूला एकदम शांतता पसरली, आणि त्या दिवशी त्या रस्त्यावर शांतता ही काही शुभ खूण नव्हे. भल्या सकाळी कुणीतरी कंबर मोडून घातलेल्या रांगोळीच्या मधोमध, मोराच्या मानेवर मी उभा होतो. रांगोळी घालणारी मुलगी काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. त्यापेक्षा टिपरू डोक्यात बसलं असतं तर बरं झालं असतं. आता, पालखी थोड्या वेळानं त्याच रांगोळीवरून जाणार होती हे खरं. पण मानाचा पहिला गणपती आणि मी यांत फरक आहे.

फोटो काढणाऱ्याला वाटत असतं की या सगळ्या गर्दीत खरं बघतोय तो आपणच. प्रत्यक्षात त्यानं एक डोळा मिटलेला असतो आणि दुसरा नखाएवढ्या खिडकीला चिकटवलेला. आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्यालाही आपल्याला दिसत नाही एवढं तरी ठाऊक असतं. फोटोवाल्याला तेही ठाऊक नसतं. शिवाय आपण गर्दीत नाहीच, गर्दीसमोर आहोत, अशी त्याची एक गोड समजूत असते. गर्दीला हे कुणी कळवलेलं नसतं.

त्यात लेन्स खोटं बोलते. वाइड अँगल नावाची जी लेन्स मिरवणुकीत आणि जत्रेत सगळे लावतात, ती पुष्कळ काही पोटात घेते खरी, पण जवळची वस्तू लांब असल्यासारखी दाखवते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पटलं मात्र पुरंदवड्याला, माउलींच्या पालखीच्या गोल रिंगणात. घोडे खालून भव्य दिसतात असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मी रिंगणाच्या कडेला मातीत पालथा पडलो. पुढे स्वाराचा अश्व आणि मागून माउलींचा, ज्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. खिडकीत घोडे अजून चांगले लांब होते. खिडकीबाहेर तसं नव्हतं. टापांचा आवाज कानाआधी जमिनीतून छातीला लागला आणि त्याच क्षणी शेजारच्या वारकऱ्यानं माझ्या कमरेच्या पट्ट्याला धरून, भुईमुगाचा वेल उपटावा तसं मला मागे खेचलं.

पुढचं याहून कठीण होतं. रिंगण झालं की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात. मी अजून पालथाच. चहूकडून पाय आले, आणि काय सांगावं, सगळे मला वळसा घालून गेले. एका आजीनं तर वाकून माझ्या बुटांना हात लावला, तो हात कपाळाला नेला आणि "माउली" म्हणाली. मी दंडवत घातलाय अशी तिची समजूत झाली होती. लगेच उठायची लाज वाटली म्हणून मी आणखी थोडा वेळ तसाच पडून राहिलो. इतर कुठल्याही गर्दीत असा आडवा झालो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो.

माझ्या वडिलांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलात बारा फोटो. रोल घालताना ते देवाला नमस्कार करत आणि एक रोल दोन सणांना पुरवत. म्हणजे दिवसभराच्या मिरवणुकीत ते फार तर सहा वेळा डोळा मिटत. बाकीचा वेळ दोन्ही डोळे उघडे, हातात माझं बोट. मी एका दिवसात आठशे फोटो काढतो. प्रत्येकाला पाच सेकंद धरली तर तासाहून जास्त वेळ मी भर गर्दीत अर्धा आंधळा असतो. कॅमेरे सुधारले तसे फोटोवाले जास्त धडपडायला लागले, असं माझं मत आहे. ते खोडून काढायला अजून कुणी पुढे आलेलं नाही.

मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा घेऊन, साडी नेसून त्यांनी नेहरूंच्या काळातली दिल्ली टिपली. त्यांच्याकडे रोलीफ्लेक्सही होता. तो पोटाशी धरून वरून काचेत बघायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून. समोरचं दिसत नाही हा भाग निराळा. पण पोटाशी कॅमेरा धरलेला माणूस कुणावर चाल करून आल्यासारखा वाटत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

माझा एक मित्र वर्तमानपत्रात छायाचित्रकार होता. त्याच्यासोबत पहिल्यांदा विसर्जनाला गेलो तेव्हा मला वाटलं, तो प्रकाशाबद्दल काही सांगेल. तो सकाळी मला लक्ष्मी रस्त्याला येऊन मिळणारे बोळ दाखवत फिरला. "हा बांबू लावून बंद केलाय. हा उघडा आहे. संध्याकाळी घुसमटायला लागलं तर इथून सटकायचं. आधी परतीचा बोळ बघायचा, मग गणपती." गर्दीतून बाहेर पडताना प्रवाहाच्या उलट जायचं नाही, पाण्यात पोहतात तसं तिरकं कडेकडेला सरकायचं, हेही त्यानंच शिकवलं. आणि दोन्ही हात छातीपुढे, कोपरं किंचित बाहेर, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. कॅमेरा डोक्यावर धरायचा मोह होतो, पण एकदा वर गेलेले हात दाट गर्दीत खाली येत नाहीत. चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं उभी राहिली की आपले पाय आपले राहत नाहीत, म्हणायचा. आपला हात आपल्या नाकाला लागत नसेल तर फोटो संपले असं समजावं.

एक गोष्ट त्यानं तीनदा सांगितली. पडलेलं उचलायचं नाही. मी मान डोलावली, आणि त्याच संध्याकाळी अलका चौकात माझ्या लेन्सचं झाकण पडलं. दीडशे-दोनशे रुपयांची प्लास्टिकची चकती. चारी रस्त्यांच्या मिरवणुका जिथं एकत्र येतात त्या चौकात मी ती उचलायला वाकलो. खाली एक वेगळंच जग आहे. तिथं गणपती नाही, दिवे नाहीत, फक्त गुडघे आहेत आणि ते सगळे एकाच दिशेनं येतात. मित्रानं कॉलर धरून वर काढलं तेव्हा मी झाकणाबद्दलच बोलत होतो. तो हसला नाही. २००५च्या जानेवारीत वाईजवळच्या मांढरदेवीला अडीचशेहून जास्त माणसं चेंगराचेंगरीत गेली. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. एक घसरला, त्याच्यावर दुसरा. तेव्हापासून मी झाकण दोऱ्यानं कॅमेऱ्याला बांधतो आणि बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारतो. शाळेत मारायचो तशी.

चोरांचं म्हणाल तर त्यांचा माझ्यावर राग नाही. पाठीवरची सॅक मी पोटावर घेतो, त्यामुळे दिसतो कांगारूसारखा, पण चेन डोळ्यांसमोर राहते. आंरी कार्तिए-ब्रेसाँसारखा मोठा छायाचित्रकार आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या चिकटपट्टीनं झाकायचा, म्हणजे रस्त्यावर कुणाचं लक्ष जात नसे. तोच कित्ता गिरवत मी कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरच्या ठळक पिवळ्या अक्षरांवर पट्टी चिकटवली. आता कॅमेरा जुना, मोडका आणि कुणाकडून तरी मागून आणलेला वाटतो. पण खरी कमाल बायकोची. तिनं माझ्या शर्टाला आतून चोरखिसा शिवला, तिच्या आजोबांच्या बंडीला असायचा तसा. दुपारी भरलेलं कार्ड त्यात जातं आणि कॅमेऱ्यात नवं येतं. कॅमेरा गेला तर हळहळ वाटेल. सकाळ मात्र खिशात राहील. ज्याला चोराचंच नाव दिलंय तो खिसा चोराला कधी सापडत नाही, ही आपल्या भाषेची एक गंमत.

जेजुरीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती फारशी माझ्या बाजूची नाही. सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हेवर निघते आणि वरून भंडाऱ्याचा पाऊस पडतो. पावाच्या पिशवीत कॅमेरा गुंडाळून, रबर लावून, अगदी जय्यत तयारीनं गेलो होतो. पण पायऱ्यांच्या मध्यावर, "येळकोट येळकोट" टिपेला पोचलेलं असताना, मला लेन्स बदलायची बुद्धी झाली. पंधरा दिवसांनी कॅमेरा दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, ब्रशनं झटकला आणि म्हणाला, "साहेब, हळद निघाली. कुंकू कुठंय?"

घोड्यांपासून आणि हळदीपासून वाचता येतं. माणसांच्या नजरेपासून वाचणं जास्त अवघड. महात्मा फुले मंडईच्या त्या १८८६ सालच्या अष्टकोनी इमारतीत सकाळचं तिरपं ऊन काय सुंदर येतं! तिथं एका भाजीवाल्या मावशींवर मी कॅमेरा रोखला. त्यांनी जुडी बांधता बांधता, वर न बघता विचारलं, "मेथी घ्यायची का नुसतंच बघायचंय?" आसपासचे चार गाळे हसले. हसले म्हणून बरं. तिथं कपाळाला आठी पडली असती तर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मी त्यांच्या परवानगीशिवाय, त्यांच्या कामाच्या जागेत शिरून, त्यांचा चेहरा उचलून घरी नेत होतो. तेव्हापासून आधी मेथी, मग दोन शब्द, मग विचारणं, आणि मग जमलंच तर फोटो. कुणाचं लेकरू असेल तर त्याच्या आईला विचारल्याशिवाय कॅमेरा वर जात नाही. नाही म्हटलं तर नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोटो छापून नेऊन दिला. मावशींनी तो वजनकाट्याच्या मागे खोचला आणि म्हणाल्या, "मी एवढी जाड नाही." वाइड अँगल, दुसरं काय.

या सगळ्यातून मी शहाणा झालो असेन असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्या घरी विचारा. फरक एवढाच पडला की मिरवणुकीत आता आम्ही जोडीनं जातो. मी पुढे, ती मागे, माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरून. तिला मिरवणुकीत पुष्कळ काही दिसतं: गॅलरीतली माणसं, कुणाची हरवलेली चप्पल, बाबांच्या खांद्यावर झोपलेली पोरं. मला आठशे चौकोन दिसतात. घरी आल्यावर ती मिरवणूक सांगते आणि मी फोटोंत तिनं सांगितलेलं शोधतो. बहुतेक वेळा ते चौकटीच्या जरासं बाहेर असतं.

गेल्या वर्षी बेलबाग चौकात पथकातल्या एका मुलीला भोवळ आली. दोरी धरलेला मुलगा तिच्याकडे धावला आणि जाताना दोरी माझ्या हातात कोंबून म्हणाला, "काका, दोनच मिनिटं धरा." दोन्ही हात गुंतले. कॅमेरा छातीवर लोंबत राहिला. दोनाची वीस मिनिटं झाली, आणि त्या वेळात समोरून एक म्हातारे गृहस्थ भला मोठा कॅमेरा डोळ्याला लावून, ताशाच्या रोखानं, सरळ दोरीवर चालून आले. मी पोटातून ओरडलो, "काका, दोरी!"

मुलगी पाणी पिऊन बरी झाली आणि परत ढोल बांधून उभी राहिली. माझा उजवा तळहात मात्र दोन दिवस सोललेला होता.

यंदा बायकोचा गुडघा दुखतोय. ती गणपती टीव्हीवर बघणार आहे. तेव्हा अनंत चतुर्दशीला बेलबाग चौकाच्या आसपास, पोटावर सॅक बांधलेला, एक डोळा मिटून उलटा चालत येणारा कुणी दिसला, तर कृपया मागून त्याचा शर्ट धरावा. ओळख असण्याची गरज नाही.