तीन-साडेतीन चमचे

परवा वाण्याकडे एक उद्योग केला. त्याच्या काट्यावर चिमूट चिमूट साखर टाकत गेलो आणि १५ चा आकडा दिसल्यावर थांबलो. चहाचे तीन-साडेतीन चमचे भरले. वाणी म्हणाला, "साहेब, एवढीच? शुगर निघाली काय?" म्हटलं, नाही हो, फाशीचं वजन बघतोय. त्यानं उधारीची वही हळूच आत सरकवली.

सिंगापुरात १५ ग्रॅमच्या वर शुद्ध हेरॉइन नेताना सापडलात, तर शिक्षा फाशी. गांजाची हद्द ५०० ग्रॅम, म्हणजे चहापत्तीचा अर्ध्या किलोचा पुडा. कायदा १९७३ चा, फाशीची सक्ती १९७५ पासूनची. दोन ग्रॅमच्या वर हेरॉइन मिळालं की ते विकायलाच आणलं असं कायदा धरून चालतो. नव्हतं, हे आरोपीनं सिद्ध करायचं. आपल्याकडे चाळीत पाणी चोरल्याचा आरोप झाला तरी आधी आरोप करणाऱ्याला पुरावा मागतात.

वाण्याला हे सगळं सांगितलं. तो खूश. "असंच पाहिजे! लटकवा सगळ्यांना!" मागे उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनीही माना डोलावल्या. म्हणजे आमच्या कोपऱ्यावर जनमत १०० टक्के. सिंगापूर त्या मानानं मवाळच म्हणायचं. तिथल्या गृह मंत्रालयानं २०२३ साली केलेल्या पाहणीत, मोठ्या प्रमाणातल्या अमली पदार्थांच्या तस्करीला सक्तीची फाशी योग्य, असं म्हणणारे भरले सुमारे ६९ टक्के. फाशी देणाऱ्या खात्यानंच विचारायचं, "आम्ही बरोबर करतोय ना?" आणि आलेली उत्तरंही त्यानंच मोजायची. जेवणावळीत यजमान वाढता वाढता विचारतो, "आमटी कशी झालीय?" तेव्हा किती जण खारट म्हणतात?

याच मंत्रालयाची आणखी एक पाहणी आहे, ती माझी जास्त लाडकी. शेजारच्या ज्या मुलखांतून माल येतो तिथल्या लोकांना विचारलं, फाशीच्या भीतीनं माणूस सिंगापुरात मोठा माल न्यायला कचरतो का? ८० टक्क्यांच्या वर लोक म्हणाले, कचरतो. आता दारात वही-पेन घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला कोण सांगेल, "छे हो, मी तर उद्याच निघतोय, पिशवी भरून ठेवलीय"?

मग मी वाण्याला एका पोराची गोष्ट सांगितली. गोष्ट खरी आहे. नागेंद्रन धर्मलिंगम, मलेशियाचा, तमिळ घरातला. २००९ साली सिंगापूरच्या सीमेवरच्या नाक्यावर पकडला गेला. वय विशीच्या आसपास. मांडीला पुडकं बांधलेलं, आत शुद्ध हेरॉइन ४२.७२ ग्रॅम. बुद्ध्यांक ६९ मोजला गेला. कोर्ट म्हणालं, आपण काय करतोय ते त्याला कळत होतं. २७ एप्रिल २०२२ ला चांगीच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. बुद्ध्यांक ६९ आणि जनमत ६९ टक्के, हा निव्वळ योगायोग. मी नुसते आकडे शेजारी शेजारी ठेवले.

वाण्यानं काटा फडक्यानं पुसला. पुन्हा पुसला. मग म्हणाला, "पण त्याला पाठवणारा कुठंय?"

झालं! मलेशियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हेच झालं होतं. दीडेक हजार लोकांना विचारलं, तस्कराला फाशी हवी का? बहुतेकांनी हात वर केले. मग त्यांच्यापुढे एकेक प्रकरण ठेवलं: आरोपी कोण, माल किती, कुणाच्या सांगण्यावरून. बोला, काय शिक्षा द्याल? तसे हात खाली येत गेले. प्रत्येक प्रकरणात फाशीच, असं म्हणणारे उरले मूठभर. पुढे मलेशियानं २०२३ साली सक्तीची फाशी काढून टाकली. आता न्यायाधीश फाशी देऊ शकतो, पण द्यायलाच हवी असं नाही.

पाठवणारा कुठंय, हा वाण्याचा सवाल सिंगापूरच्या कायद्यालाही पडला होता बरं का. म्हणून तिथं एक पळवाट केलीय. नुसता हमाल असशील आणि टोळीविरुद्ध ठोस मदत केलीस, तर सरकारी वकील तसं प्रमाणपत्र देतो आणि फाशीऐवजी जन्मठेप मिळू शकते. आता मांडीला पुडकं बांधलेल्या पोराला टोळीबद्दल काय माहीत असणार? एक फोन नंबर, तोही बंद झालेला. ज्याला सगळं ठाऊक त्याच्याकडे विकायला माहिती आहे. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्याकडे नुसती मान.

आपणही फार नाक वर करू नये. १९८९ साली आपल्या अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्यात कलम ३१ अ घातलं गेलं: मोठ्या मालासह दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर फाशी, न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. मुंबईत चरसच्या एका खटल्यात ती सुनावलीही गेली. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही सक्ती घटनेत बसत नाही असं ठरवून 'दिलीच पाहिजे'चं 'देता येईल' करून टाकलं. संसदेनं २०१४ मध्ये कायद्यातही तसंच लिहिलं. जगभरच्या वकिलांनी त्या निकालाची दखल घेतली. इथं किती जणांना तो आठवतो? उलट २०१८ साली पंजाबच्या मंत्रिमंडळानं केंद्राला कळवलं की पहिल्याच गुन्ह्याला फाशीची तरतूद करा. फाशीची मागणी तेवढी बिनखर्ची असते. व्यसनमुक्ती केंद्राला खाटा लागतात, डॉक्टर लागतात आणि त्या डॉक्टरांना पगार लागतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पुणे पोलिसांनी एका कारखान्यातून शेकडो किलो एमडी हा अमली पदार्थ उचलला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अर्ध्या तासात चौदा फाशा झाल्या. मी मोजल्या. पंधराव्यानं भर चौकात देण्याची सूचना केली, त्याला अंगठेही भरपूर मिळाले. मग कुणीतरी विचारलं की कारखान्यात कामाला असलेल्या पोरांचं काय? त्यावर कुणीच लिहिलं नाही. पुढचा मेसेज टँकर कधी येणार, हा होता.

निघताना वाण्याला विचारलं, तुमचं मत सरकारी पाहणीत धरायचं झालं तर काय लिहू, हो की नाही?

"लटकवायचं," तो म्हणाला. "पण त्या पोराला नको." मग काट्यावरची साखर परत पोत्यात ढकलत म्हणाला, "तुमच्या त्या कागदावर असा रकाना आहे का?"