वर्ग दोनची विंडोज

इनामगावात संगणक बिघडला की 'सरां'कडे नेतात. सर कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट फ्रेम करून झेरॉक्स मशीनच्या डोक्यावर टांगलंय, तेवढ्यावर गावानं त्यांना सर केलं. दुकानात लॅमिनेशन होतं, भरतीचे फॉर्म भरले जातात, मोबाइलला ग्लास बसते; पण सरांचा जीव रमतो तो विंडोज मारण्यात. शहरात विंडोज टाकतात. आमच्याकडे मारतात, कांद्यावर औषध मारावं तशी.

दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात चार पेनड्राइव्ह ओवलेले. कुणी "जरा स्लो चाललंय ओ" एवढंच म्हणायचा अवकाश, सर स्क्रीनकडे न बघता विचारणार, "सीला काय महत्त्वाचं नाही ना?" या एका प्रश्नात किती घरचे लग्नाचे फोटो गेले, त्याची दप्तरी नोंद नाही.

पण सरांचा खरा अधिकार लायसनवर. मागच्या पावसाळ्यात लाइट आली ती चढूनच आली आणि माझ्या संगणकाचा मदरबोर्ड उडाला. शिरूरहून दुसरा आणून बसवला, तर विंडोज मला ओळख देईना. मी तावातावानं बिल घेऊन दुकानात गेलो. ओरिजिनल विंडोज होती माझी!

सरांनी बिलाला हातसुद्धा लावला नाही. "बिल राहू द्या. ही वर्ग दोनची हाय."

"म्हणजे?"

"संगणकाबरोबर येती ती भोगवटादार वर्ग दोन. कसायची, खायची, पर दुसरीकडं न्यायची नाही. तिच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव नसतंय, मदरबोर्डाचं असतंय. वेगळी डब्यातली घेतली असती, तर वर्ग एक. जुन्यावरनं काढून नव्यावर नेता आली असती."

"बोर्ड जळला त्यात माझा काय दोष?"

"कंपनीनं वॉरंटीत बदलून दिला असता तर चाललं असतं. तुम्ही बदलला."

"मग नजराणा भरून..."

"तिथं कलेक्टर नसतोय, दादा."

नंतर मी चौकशी केली. सरांचा शब्द न् शब्द खरा निघाला. शर्तीची जमीन आमच्या गावाला कुणी समजावून सांगायला नको, गावाच्या नावातच इनाम आहे. पण ही शर्त पाच-पंचवीस पानी करारात असते आणि तो करार आपण 'मान्य'वर बोट ठेवून उरकलेला असतो.

सरांच्या मते मात्र ही पद्धत कंपन्यांची नव्हेच, मूळ इनामगावची. इथं घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सांकळिया, अन्सारी, ढवळीकर अशी मोठी माणसं इथल्या मातीत बसली. तीनएक हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी सापडले. ते प्रौढ माणसांना राहत्या घरातच जमिनीखाली पुरत आणि पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. भुतानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. "घ्या," सर म्हणाले, "हेच वर्ग दोनचं लायसन. बोर्डाखाली पुरायचं आन् पाय तोडायचे."

त्याच उत्खननात खालच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरं निघाली आणि वरच्या, म्हणजे नंतरच्या थरात लहान गोल झोपड्या. पाऊस कमी झाला, शेती खालावली, असं तज्ज्ञ सांगतात. सरांचं निदान वेगळं. "अपग्रेड केलं की असंच हुतंय."

१४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज दहाचा आधार संपला आणि सरांच्या दुकानात रांग लागली. दहा ओरिजिनल असेल तर अकरा फुकट मिळते, होमची होम, प्रोची प्रो. पण मशीनमध्ये टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. रांगेतली निम्मी मशीनं त्याच्या आधीची. पैसे नकोत, तरी मिळत नाही, हे लोकांच्या गळी उतरेना. सरांनी एका वाक्यात उतरवलं. "जमीन फुकट हाय, पर तुमच्या मशिनीकडं शेतकरी दाखला नाही." सगळे गुपचूप उठले.

खुद्द सरांच्या संगणकावर उजव्या कोपऱ्यात खाली 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' अशी फिकट पाटी कायम असते. तिच्यावर त्यांनी जेजुरीच्या खंडोबाचं स्टिकर चिकटवलंय. एकदा मी तिकडे पाहिलं, तर म्हणाले, "देवाकडं बघा, मागं बघू नका."

माझ्या संगणकावर त्यांनी शेवटी उबंटू मारलं. "हे गायरान हाय. कुणाच्या एकट्याच्या नावावर नाही, सगळ्यांनी चारायचं." तेव्हापासून माझं बरं चाललंय. फक्त प्रिंटर त्या गायरानात शिरायला तयार नाही, म्हणून सरांचे तीनशे रुपये मीही अडवून धरलेत.