दुधाचा हिशेब चामड्यात

चामड्याच्या कव्हरातली, आपल्या मर्जीप्रमाणे जुळवता येणारी वही ज्याच्या हाती पडते, त्याला आधी एकच आजार जडतो. या वहीला शोभेल असंच काहीतरी लिहायला हवं, असं त्याला वाटू लागतं. मग तो विचार सुचायची वाट बघत बसतो. तेवढ्यात दूधवाला, गॅसवाला आणि विम्याचा हप्ता येऊन जातात आणि त्यांची नोंद लग्नपत्रिकेच्या लिफाफ्याच्या पाठकोऱ्या बाजूला होते. लिफाफा यथाकाल रद्दीत जातो, वही मात्र कोरी करकरीत राहते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. असल्या वहीत लिहायचं तर क्षुल्लकच लिहावं. थोर विचार कुठेही लिहिले तरी चालतात, कारण ते पुन्हा कोणी शोधायला येत नाही. गॅसचा बुकिंग नंबर मात्र शोधावा लागतो.

या पंथाचं आजचं दैवत म्हणजे जपानची ट्रॅव्हलर्स नोटबुक. २००६ साली मिदोरी या नावाखाली ती बाजारात आली. तिचं चामड्याचं कव्हर थायलंडमधल्या चिआंग माईला तयार होतं. रचना इतकी साधी की किमतीचा राग यावा. चामड्याचा एक तुकडा, कण्यातून ओवलेलं इलॅस्टिक आणि मिटून ठेवायला बाहेरून आणखी एक. चौसष्ट पानांची पातळ वही मधोमध उघडायची आणि त्या ताणलेल्या इलॅस्टिकखाली सरकवायची, की झालं. दुसरी वही हवी असेल तर पहिलीच्या पाठीला रबरबँडने बांधायची. तिसरी घातली की प्रकरण मिटेनासं होतं. त्यात झिपचा कप्पा, क्राफ्ट कागदाचं पाकीट आणि पेन अडकवायची पितळी क्लिप आली, की ही वही फुगून बसते. पानाची रुंदी जेमतेम अकरा सेंटिमीटर. ओळीच्या शेवटी तळहाताला टेकायला जागाच उरत नाही आणि ‘वीजबिल भरणे’ यातलं ‘भरणे’ टेबलावर उतरतं. एवढं करून माणूस एका वहीवर ‘विचार’, दुसरीवर ‘योजना’ आणि तिसरीवर ‘हिशेब’ असं लिहितो. सहा महिन्यांनी उघडून बघावं. ‘विचार’मध्ये पहिल्या पानावर नाव आणि तारीख, ‘योजना’मध्ये वही कशी लावायची याची योजना, आणि ‘हिशेब’ संपून तिच्या जागी नवी घातलेली. कोणती वही खरी, हे वहीनेच सांगितलेलं असतं. ऐकायचं कोणी, एवढाच प्रश्न.

याला इतिहासाची साक्ष आहे. या साऱ्या वह्यांची थोरली आत्या म्हणजे फायलोफॅक्स. १९२१ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या नॉर्मन अँड हिल या कंपनीची ती सुट्या पानांची, कड्या असलेली वही. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात कंपनीची कचेरी उद्ध्वस्त झाली आणि धंदा पुन्हा उभा राहिला तो ग्रेस स्कर या बाईंच्या वहीतून. त्यांनी त्यात गिऱ्हाइकांची आणि माल पुरवणाऱ्यांची नावं-पत्ते टिपून ठेवले होते. त्या जागी आयुष्याच्या अर्थावर चिंतन असतं, तर बाईंना मनःशांती लाभली असती, कागद पुरवणारा व्यापारी लाभला नसता. आपल्याकडेही पुण्याच्या पेशवे दप्तरात रोजकीर्दीचे रुमालच्या रुमाल आहेत. आजचा खर्च आपल्या सुंदर मोडी अक्षराला साजेसा नाही, असं तिथल्या कारकुनांनी ठरवलं असतं, तर संशोधकांच्या कित्येक पिढ्या उपाशी राहिल्या असत्या.

यावर पहिला आक्षेप येतो तो फोनचा. सगळं फोनमध्ये होतं, मग हे ओझं कशाला? फोन बेरीज बिनचूक करतो, हे मान्य. पण दुधाचे खाडे कागदावर एका नजरेत दिसतात, आणि वही दूधवाल्यापुढे बेलाशक ठेवता येते. फोन त्याच्या हातात देण्याआधी बँकेचे मेसेज झाकावे लागतात. दुसरा आक्षेप किमतीचा. वीस रुपयांच्या वहीत काय लिहिता येत नाही? सगळं लिहिता येतं, आणि घरातले सगळेच लिहितात. तिच्यात मुलांची गणितं, कामवाल्या मावशींचा नवा नंबर आणि बॉलपेन चालतं का ते बघायच्या रेघोट्या एकाच पानावर सुखाने नांदतात. चामड्याच्या वहीला मात्र कोणी हात लावत नाही. ती हरवली तर घर उलथंपालथं होतं, आणि तिच्या निमित्ताने आतला क्षुद्र मजकूरही सापडतो. शिवाय खर्च होतो तो कव्हराचा, एकदाच. ए-फोर कागदाची आखूड बाजू बरोबर एकवीस सेंटिमीटर असते आणि या वहीची उंचीही तेवढीच. लांबीतून पावणेआठ सेंटिमीटरच्या आसपास पट्टी कापावी, उरलेले कागद मधोमध दुमडून कण्यावर दोन पिना माराव्यात, की आतली वही तयार. कापलेल्या पट्टीवर वाणसामानाची यादी सुरेख मावते. जपानी कव्हर आणि कोकणस्थी पोट असा हा संसार छान चालतो.

तिसरा आक्षेप जरा टोकदार आहे. ही माणसं लिहीत नाहीत, नुसती मांडामांड करतात, असं म्हणतात. खोटं नाही ते. पण लेखनसाहित्याचा सोस काही कलियुगाच्या उत्तरार्धात जन्मलेला नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. बरू कुठले आणावेत, चाकू-कात्री जवळ कशी असावी, पानाच्या कडेला किती जागा सोडावी म्हणजे कागद झिजला तरी अक्षर झिजणार नाही, इथवर समर्थांनी सांगितलं आहे. आता प्रमाण बघा. दासबोधात दोनशे समास, त्यांतला साधनांना एक. उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांत जे सांगायचं ते सांगितलं आहे. हे प्रमाण जो पाळील त्याने पितळी क्लिप खुशाल घ्यावी, वर दोरीला लोंबता मणीही लावावा. प्रमाण उलटं झालं, की मग कव्हर चामड्याचं असो की पुठ्ठ्याचं, काही फरक पडत नाही.

राहता राहिला सोवळ्याचा प्रश्न. लक्ष्मीपूजनाला हिशेबाची वही पाटावर मांडायची, तर ही चामड्याची वस्तू देवापुढे ठेवायची की चपलांशेजारी? इथे मात्र या व्यवस्थेचं श्रेष्ठत्व निर्विवाद सिद्ध होतं. इलॅस्टिकखालून वही अलगद काढावी, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहावं, आणि कव्हराला बाहेरच्या खोलीत बसायला सांगावं. तीन वह्यांतली कोणती काढायची, यावर तरी घरात वाद होण्याचं कारण नाही. ‘विचार’ असं लिहिलेली वही लक्ष्मीपुढे मांडल्याचं अजून कुठे ऐकिवात नाही.