आधी ड्रिल, मग टॅप

पूर्वी बॅरिस्टर व्हायचं तर लंडनला जाऊन जेवावं लागे. थट्टा नाही. तिथल्या 'इन'मध्ये ठरावीक जेवणं जेवल्याशिवाय बॅरिस्टर होताच येत नसे, मग परीक्षेत कितीही उजेड पाडलेला असो. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनचे बॅरिस्टर झाले. त्याच ग्रेज इननं सावरकरांना मात्र १९०९ मध्ये, परीक्षा पास होऊनही, राजकारणापायी अडवून ठेवलं. म्हणजे नुसतं जेवून भागत नसे. तरीही ती पद्धत आपल्याकडे असती तर कंपनीच्या कँटीनमधल्या माझ्या हयातभराच्या कामगिरीवर मी आज किमान हायकोर्टात असतो.

वकिलीचं खूळ डोक्यात शिरलं ते रिटायर झाल्यावर. आकुर्डीत रिटायर झालेल्या माणसाला तीनच उद्योग असतात : सकाळी खंडोबाच्या माळापर्यंत चक्कर, दुपारी झोप आणि संध्याकाळी सोसायटीची भांडणं. तिसऱ्यात मला गती निघाली. एका सभेत पाण्याच्या टाकीवर मी इतका वेळ बोललो, की चेअरमन कळवळून म्हणाले, "काका, तुम्ही वकीलच व्हायला हवं होतं!" मी खाली बसावं म्हणून ते तसं म्हणाले, हे सभेतल्या सगळ्यांना कळलं. मला तो करिअर सल्ला वाटला.

घरी आल्यावर मी हिला बातमी दिली. ही म्हणाली, "स्वतःची केस स्वतः लढायला कायद्यानं परवानगी आहे ना? लग्नापासून लढताय. एक तरी जिंकलात?"

पण मी पेटलो होतो. १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट काढला. सनदेसाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत. ती मी जवळजवळ तिपटीनं पूर्ण केली होती. वरच्या वयाचं काय, ही धाकधूक होती, कारण तीन वर्षांच्या एलएलबीला तिशीची मर्यादा घालायचा बार कौन्सिलचा प्रयत्न होता. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली आणि आपल्या सीईटीला वरचं वय विचारतच नाहीत. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. मला तर आता कोणी अर्धवेळही ठेवत नव्हतं. पदवीला खुल्या प्रवर्गातून ४५ टक्के हवेत. मला त्याहून जास्त होते. वर्गात ७० टक्के हजेरी हवी, हे वाचून तर मी हसलोच. ज्यानं तिसऱ्या पाळीतही कधी दांडी मारली नाही, त्याला ७० टक्क्यांची भीती घालता? मी काळ्या कोटाचं कापड बघायला पिंपरी कॅम्पात जाऊनही आलो.

मग कागद तपासून घ्यायला प्रवेशाचे फॉर्म भरून देणाऱ्या एका पोराकडे गेलो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बी.ए.चं प्रमाणपत्र मी फ्रेमसकट नेलं होतं. ते त्यानं आदरानं भिंतीला टेकवून ठेवलं आणि विचारलं, "काका, बारावीचं मार्कशीट?"

मी म्हटलं, "बारावी कशाला? बी.ए. आहे की."

ते असं झालं होतं, की दहावी आणि आयटीआय करून मी थेट कंपनीत चिकटलो. पुढे मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दिली आणि बारावीला वळसा घालून बी.ए.ला बसलो. माझ्यासारख्या शॉप फ्लोअरवरच्या कितीकांनी त्या वाटेनं पदवी घेतली आणि ती वाट होती म्हणून घेतली. तिला कोणी कमी लेखू नये. पण बार कौन्सिलचे २००८ चे नियम सांगतात, की खालची पायरी नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेल्या पदवीवर एलएलबीला प्रवेश नाही. आधी बारावी, मग पदवी, मग कायदा. क्रमानं.

यावर मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मी नोकरीभर इन्स्पेक्शनला होतो. आधी ड्रिल, मग टॅप; क्रम चुकलेला जॉब कितीही चकचकीत असला तरी मी त्याला लाल टॅग लावून बाजूला टाकत असे, आणि ऑपरेटर "साहेब, बसतोय की!" म्हणून गयावया करू लागला की त्याला ऑपरेशन शीट दाखवत असे. आज मी स्वतःच टेबलावर होतो.

"रीवर्क होईल का?" मी विचारलं.

पोरगं हिशेबाला पक्कं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी, मग नव्यानं तीन वर्षांची पदवी, मग सीईटी, मग तीन वर्षं एलएलबी, मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, वर अखिल भारतीय बार परीक्षा. मी सत्तरीच्या उंबरठ्यावर ज्युनिअर वकील झालो असतो.

फ्रेम काखोटीला मारून घरी आलो. जिन्यात खालच्या मजल्यावरची मुलगी भेटली; ती तेव्हा त्याच बार परीक्षेची तयारी करत होती. कायद्याची पुस्तकं जवळ ठेवून पेपर सोडवायचा आणि पास व्हायला ४५ टक्के, हे ऐकून माझ्यातला वकील पुन्हा उसळला. "पुस्तक बघून तर कोणीही लिहील!" मी म्हणालो. तिनं शांतपणे एक सराव प्रश्न आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. चहा निवला, हिनं वरून दोनदा हाक मारली, मी अजून अनुक्रमणिकेतच होतो.

ती पास झाली. सनदेची फी तिला ७५० रुपये पडली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती तेवढ्यावर आणून ठेवण्याआधी बार कौन्सिलं हजारोंनी घेत. मोठ्या मनानं पेढे मीच वाटले, चेअरमनांनाही दिले.

तिची पहिली नोटीस सोसायटीतर्फे निघाली. आकुर्डीतच बनलेली माझी जुनी चेतक पार्किंगमध्ये कायमची उभी असते, त्याबद्दल. मी ती नोटीस सवयीनं ओळीओळीनं तपासली. लाल टॅग लावावा असं काही सापडलं नाही. उत्तर पंधरा दिवसांत द्यायचंय.

वकील शोधतोय.