५६८ मीटरचा ताठा

समुद्रसपाटीपासून आमचं छत्रपती संभाजीनगर ५६८ मीटर उंच आहे. हा आकडा मी कुणालाही, कुणी विचारलं नसताना सांगतो. मुंबईचा पाहुणा रुमालानं मान पुसत दारात उभा राहिला की पाण्याच्या पेल्याआधी त्याच्या हातात हा आकडा पडतो. मग उत्तरेची डोंगररांग, दक्षिणेचा साताऱ्याचा डोंगर, मधून जाणारी खाम नदी आणि पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड. सगळी मांडणी मी स्वतः उभं राहून करून घेतली असावी, असा माझा सूर असतो. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी इथं शेजारी, दौलताबादला आणली, ती हवा बघूनच, असं माझं ठाम मत आहे. ती त्यानं परत का नेली, यावर मी बोलत नाही.

माझा मावसभाऊ ह्यूस्टनला असतो. त्याच्याकडे नासा आहे, रुंद रस्ते आहेत. पण हवामानात मी त्याला उभा राहू देत नाही. समुद्राच्या पातळीपासून जेमतेम पंधरा मीटर वर, सपाट आणि दमट. उन्हाळ्यात माणूस चाळणीतल्या अळूवडीसारखा वाफेवर शिजतो.

"दादा, इथं घरात एसी, गाडीत एसी, ऑफिसात एसी. बाहेर जातो कोण?"

"म्हणजे तुम्हाला हवामानच नाही. आमच्याकडे कूलर आहे!"

कूलरचा विषय निघाला की बायको उठून आत जाते. पण तुम्ही बसा. कूलर ही कोरड्या हवेची विद्या आहे. ओल्या गवतातून गरम वारा ओढला की पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेला लागणारी उष्णता वाऱ्यातूनच जाते. हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त. बाहेर एक्केचाळीस असताना खोलीत दहा अंशांनी तरी उतार पडतो. हेच यंत्र ह्यूस्टनला किंवा दादरला लावा, नुसता ओला वारा अंगावर येईल. तिथली हवा आधीच पाणी पिऊन तट्ट असते. म्हणून मार्चमध्ये माळ्यावरचा लोखंडी कूलर उतरवणं, गवत बदलणं, पंपातला गाळ काढणं ही कामं मी कुणाला करू देत नाही. नव्या गवतावर पहिलं पाणी पडतं तेव्हाचा वास मला कुठल्याही अत्तराहून प्रिय आहे. खिडकी किती बोटं उघडी ठेवायची, यावर माझं स्वतंत्र संशोधन आहे. घरच्यांनी ते अद्याप ऐकून घेतलेलं नाही. जूनमध्ये पाऊस आला की कूलर कुबट वास सोडू लागतो आणि माझी विद्वत्ता चार महिने निवृत्त होते.

आता, कूलर पाणी पितो. तासाला कित्येक लिटर. इथं मात्र माझा आवाज उतरतो.

आमचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. त्याचा जलाशय, नाथसागर, १५२२ फुटांवर काठोकाठ भरतो. हा आकडा इथल्या पोराटोरांनाही पाठ असतो. आणि माझे ते ५६८ मीटर फुटांत मोजले तर १८६० च्या वर भरतात. म्हणजे भरलेल्या धरणातलंही पाणी तीनशेहून जास्त फूट वर चढवायचं. ज्या उंचीनं मला ताठा दिला, तिनंच पाणी खाली ठेवलंय. ज्या कोरड्या हवेवर माझा कूलर चालतो, ती त्या पसरट, उथळ जलाशयातलं पाणीही उन्हाळाभर पीत बसते. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून नुसत्या उतारावर शहरात आणलं. ना वीज, ना बिल. आमच्याकडे मोठाल्या जलवाहिन्या आहेत, आणि दारात ड्रम आहेत. शेजारच्या काकू सख्ख्या भाचीच्या हळदीला गेल्या आणि रात्रीच परत आल्या, लग्नाला थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नळ होते, म्हणजे पाणी यायचा दिवस होता. मला याचा राग येतो, आणि उंचीचा आकडा सांगताना तो येत नाही, याचा जास्त येतो.

२०१७ च्या ऑगस्टात हार्वे वादळ आलं, तेव्हा ह्यूस्टनच्या परिसरात काही ठिकाणी चार-पाच दिवसांत मीटरभराहून जास्त पाऊस पडला. आमची अख्ख्या वर्षाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. मावसभाऊ पोरांना घेऊन वरच्या मजल्यावर बसला होता. खाली दिवाणखान्यात पाणी. फोनवर म्हणाला, "दादा, तुझी थोडी उंची पाठव रे इकडे."

"पाठवतो. तू पाणी पाठव."

हसलो दोघंही, पण फोन ठेवायला कुणी तयार नव्हतं.

तर मंडळी, उन्हाळ्यात आमच्याकडे जरूर या. संध्याकाळचा वारा खरंच चांगला असतो आणि कूलरसमोरची जागा पाहुण्यांचीच. फक्त निघण्याआधी फोन करा, आणि हवा कशी आहे ते विचारू नका. नळ कधी आहेत ते विचारा.